बाष्पमंडळाचा पक्षी

माझे बाबा एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर होते. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या वाफेवर उकळायचं आणि त्यांच्याच वाफेवर वाळायचं. तेव्हापासून त्यांच्या डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतं, उजव्या कोपराखाली भाजल्याची एक गुळगुळीत खूण आहे, आणि कुणाच्याही घरी गेले की ते आधी कुकरच्या शिटीकडे बघतात, मग यजमानांकडे.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी बॉयलर मोडीत निघाला. त्याच्या जागी कपाटाएवढा पांढरा डबा आला. त्याला एक बटण आणि एक हिरवा दिवा. आत काय आहे, असं बाबांनी नव्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की ते कंपनीच्या माणसालाच ठाऊक. बाबा घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "सुटलो." ते नक्की कशातून सुटले, याचा अर्थ लावायला आम्हाला पुढं बराच काळ लागला.

आई घरी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे, आणि आईच्या ओठांत कायम चार टाचण्या. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं बंद तोंडानं होतं आणि तरी समोरच्याला नीट कळतं. एका सोमवारी तिच्याकडे एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. हातात एक चित्र होतं. गुडघ्याखाली जाणारा कोट, उंच कॉलर, कमरेला घट्ट, मागं पक्ष्याच्या शेपटीसारखा दुभंगलेला, आणि त्याला अकरा खिसे.

आईनं टाचण्या काढून विचारलं की अकरा खिशांत ठेवायचं काय. बाईंनी बोटं मोजली. एकात होकायंत्र, एकात दुर्बीण, एकात नकाशा, आणि बाकीच्यांत असंच काहीबाही. आई म्हणाली, काहीबाहीचा खिसा मी शिवत नाही. दुर्बिणीचा खिसा खोल लागतो, होकायंत्राचा उथळ, नाहीतर चालताना मांडीवर आपटेल. डॉक्टरीणबाई हे ऐकून ज्या खूश झाल्या त्या दोन तास उठल्याच नाहीत.

त्या दोन तासांत आईला जे कळलं ते असं. याला म्हणतात स्टीमपंक. समजा, जग वाफेच्या काळाच्या पुढं गेलंच नाही. विमानांऐवजी फुग्यांची हवाईजहाजं, संगणकाऐवजी दातेरी चाकांची आकडेमोड करणारी यंत्रं, सगळं पितळेचं, लाकडाचं, आणि प्रत्येक यंत्राची आतडी बाहेरून दिसणारी. जो भविष्यकाळ कधी आलाच नाही, त्याचे कपडे घालून ही मंडळी दर दुसऱ्या रविवारी जमतात. गावात असे तीसएक लोक आहेत. त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिलंय बाष्पमंडळ. प्रत्येकानं आपलं एक सोंग घेतलेलं. डॉक्टरीणबाई त्यात हवाईजहाजाच्या कप्तान.

आईनं जेवताना हे बाबांना सांगितलं, पण तिच्या तोंडी ते 'स्टीम पंप' झालं. बाबांनी घास थांबवून विचारलं, कुठल्या जातीचा पंप. दोन दिवस ते मोठ्या आशेनं त्या पंपाची चौकशी करत होते. मग खरं काय ते कळलं, आणि ते तीन दिवस हसले. दाढी करताना हसले, झाडांना पाणी घालताना हसले. डॉक्टरीणबाईंनी आईला आपल्या टोपीचा फोटो पाठवला होता. टोपीवर नऊ दातेरी चाकं चिकटवलेली. बाबा म्हणाले, माझ्या अख्ख्या बॉयलरखान्यात एवढी चाकं नव्हती. आणि ही फिरवतात काय, डोकं?

कोट तयार झाला तेव्हा तो अंगावर बसतो का ते बघायला आईला मंडळाच्या सभेला बोलावलं. मी गाडी चालवते, म्हणून मी गेले. एका बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल होता. उंच खिडक्या, लोखंडी खांब, फरशीवर शाईचे जुने डाग. आत लोकांचे वैमानिकांसारखे मोठे चष्मे कपाळावर, कमरेला पट्टे, गळ्यात साखळ्या. आई दारातच माझ्या कानात म्हणाली की यांच्या बहुतेकांच्या बगला काचताहेत.

कोट डॉक्टरीणबाईंच्या अंगावर चढला, छान बसला. मग जे झालं त्याची आईला कल्पना नव्हती. त्यांनी तो काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. सगळे भोवती जमले आणि आतली शिवण बघू लागले. खिशाची पिशवी कशी वळवलीये, कॉलरच्या आत ताठपणा कशानं आलाय, शेपटीचा दुभंग वर फाटू नये म्हणून कुठं आडवा टाका घातलाय. एकानं भिंग काढलं. आईनं छत्तीस वर्षांत शिवलेले कपडे लोकांनी आरशासमोर बघितले होते. उलटे करून कुणीही बघितले नव्हते. आईचे कान लाल झाले. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती.

त्याच दिवशी ती सभासद झाली. सोंग कुठलं घेणार, असं विचारलं तेव्हा तिनं खोलीभर नजर फिरवली. सात कप्तान होते, चार शोधप्रवासी, तीन सरदार आणि एक हेर. आईनं विचारलं की तुमच्या हवाईजहाजांचा फुगा शिवतं कोण. कुणालाच सांगता येईना. मग आई म्हणाली, ती मी. तिथून पुढं मंडळात तिला सगळे फुगाशिंपीण म्हणू लागले, आणि घरी फोनवर कुणी तसं विचारलं की बाबा "हो, आहे, फुगवतेय" असं सांगून फोन तिच्या हातात द्यायचे.

मंडळात एक तिशीतला माणूस होता. तो वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायचा, म्हणून त्याला सगळे तक्रारवाला म्हणायचे. वर्षाच्या प्रदर्शनासाठी तो दीड वर्ष खपून एक पक्षी बनवत होता. माणसाएवढ्या उंचीचा, पितळी पत्र्याचा, दोन्ही पंख मिळून बारा फूट. वाफेच्या इंजिनावर पंख हलायचे. अंगभर दातेरी चाकं चिकटवलेली. आईनं त्याचं इतकं वर्णन केलं की बाबांनी शेवटी विचारलंच, बॉयलर कुठला आहे. आईला तेवढं सांगता आलं नाही. ती म्हणाली की तांब्याचा आहे, बंबासारखा दिसतो.

प्रदर्शनाला सहा आठवडे उरले असताना पक्ष्याची पहिली चाचणी ठरली. आई आणि मी आधीच हॉलवर पोचलो होतो, आणि तिच्या लक्षात आलं की मोठी कात्री घरीच राहिली. तिनं बाबांना फोन केला. बाबा त्या वेळी गच्चीवरची पाण्याची टाकी घासत होते. अंगावर त्यांचा कामावरचा जुना खाकी पोशाख होता, कोपरावर ठिगळं, छातीवर कधीच न निघालेले काजळीचे डाग. ते तसेच बसमध्ये बसले आणि कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले.

दारात एक सरदार उभे होते. त्यांचं काम, वेशाशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. त्यांनी बाबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं की आपण कोण. बाबा म्हणाले, "बॉयलर अटेंडंट." सरदारांनी मागं वळून दोन कप्तानांना बोलावलं. थोड्याच वेळात बाबांभोवती घोळका झाला. इतकी वर्षं मंडळ चाललंय आणि वाफ करणारा माणूस कुणाला सुचला नाही, असं जो तो म्हणू लागला. एकीनं ठिगळ चाचपून पाहिलं. एकानं विचारलं की काजळीचा हा रंग इतका खरा कसा आला. बाबा म्हणाले की हळूहळू, एकतीस वर्षं लावत होतो. कोपराखालची खूण कुठल्या मेणाची, हेही एकानं विचारलं. बाबांनी बाही खाली ओढून घेतली. त्यांना राग आला होता की हसू, ते मला लांबून कळेना.

तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला टाळ्या पडल्या. पक्षी हलू लागला होता. पितळी पंख खडखडत वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. खरं सांगायचं तर तो फार सुंदर दिसत होता. सगळे तिकडं धावले. बाबा हळू चालत गेले आणि पक्ष्याकडं न बघता त्याच्या मागं गेले. तिथं तांब्याचा बंबच होता, पोटात निखारे घातलेला, वरचं तोंड झाकण ठेवून सांधलेलं. बाबांनी मान वळवून उजवा कान त्याच्याकडं केला. मग त्यावरच्या गोल तबकडीकडं बघितलं.

"हा काटा हलत का नाही?"

"तो शोभेचा आहे, काका," तक्रारवाला म्हणाला.

"आणि जास्तीची वाफ जाते कुठून?"

"तिथं एक भोक होतं. फार फुसफुसायचं, म्हणून बुजवलं."

बाबा ओरडले नाहीत. जेवताना मीठ मागावं तशा आवाजात ते म्हणाले की सगळ्यांनी बाहेर जायचं, सावकाश, आणि दार उघडं ठेवायचं. डॉक्टरीणबाईंना हा सोंगाचाच भाग वाटला. त्यांनी सलाम ठोकला आणि कप्तान जहाज सोडत नसतो असं काहीतरी म्हणाल्या. पण आईला तो आवाज ओळखीचा होता. घरात आग लागली तरी बाबा त्याच आवाजात बोलतील हे तिला ठाऊक होतं. तिनं बाबांच्या हातातल्या कागदातून कात्री ओढली आणि लोखंडी खांबावर सणसणीत आपटली. म्हणाली, "चला बाहेर. कप्तान आधी."

आम्ही सगळे बाहेर जाऊन खिडक्यांच्या काचांना नाकं लावून उभे राहिलो. आत बाबा एकटे. त्यांनी इंजिनाकडं जाणारा नळ पूर्ण सोडला, म्हणजे जमलेली वाफ पक्ष्यानं खाऊन टाकावी. मग गुडघ्यावर बसून ते बंबाच्या पोटातले निखारे लोखंडी पट्टीनं ओढून वाळूच्या बादलीत टाकू लागले. घाई नाही, गडबड नाही. इकडं पक्ष्याला मात्र चेव आला. पंख असे फडफडू लागले की अंगावरची चाकं सुटून फरशीवर ठणाठण पडायला लागली. एक तर खिडकीपर्यंत घरंगळत आलं. आईनं माझा दंड इतका आवळून धरला होता की पुढं चार दिवस तिथं बोटांचे ठसे होते. हळूहळू पंख मंदावले. शेवटी उजवा वर, डावा खाली, अशा अवस्थेत पक्षी थांबला.

बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं, अर्धं प्यायले, अर्धं सांडलं. मग तक्रारवाल्याला जवळ बोलावून म्हणाले, "बंबाचं तोंड उघडं असतं म्हणून तो बंब. तू ते बंद केलंस. आता तो बॉम्ब आहे." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तक्रारवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि सरकून पायरीवर त्याला जागा करून दिली.

परतताना गाडीत आई पुढं, बाबा मागं. तिसऱ्या सिग्नलला बाबांनीच सुरुवात केली. शोभेचा काटा, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं. ज्यांच्या भुवया कधी जळाल्या नाहीत त्यांनी वाफेशी खेळू नये. वाफ म्हणजे घाम, काजळी आणि बहिरा कान. त्यांचे वस्ताद एका स्फोटातून जेमतेम वाचले होते, आणि त्यांची टोपी छतात रुतून बसली होती. आणि हे लोक टोपीवर चाकं लावतात. सात कप्तान, आणि कोळसा टाकायला एकही माणूस नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग पुढं बघतच म्हणाली, "एकतीस वर्षं तुम्ही त्या खोलीत होतात. मी तीनदा म्हटलं, एकदा दाखवा. काय म्हणालात?"

बाबा म्हणाले की बाहेरच्यांना परवानगी नव्हती.

"मागितली होतीत?"

बाबांनी मागची काच खाली केली, पुन्हा वर केली. मग म्हणाले, "तिथं बघण्यासारखं होतं काय?"

"ते मी बघून ठरवलं असतं," आई म्हणाली. "मला तुमची वाफ ठाऊक आहे ती फक्त तुमच्या सदऱ्यांच्या वासातून. त्या लोकांना निदान बघायचं तरी आहे."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं.

चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी आईकडं तक्रारवाल्याचा पत्ता मागितला. तिथं काय झालं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण मुख्य गोष्टी जुळतात. तक्रारवाला रजा घेऊन घरी बसला होता. बाल्कनीत बंब उघडून ठेवला होता. सांधा एका बाजूनं सुजल्या गालासारखा फुगला होता आणि तो त्याच्याकडं नुसता बघत होता. बाबा त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि हे करायचं डोक्यात आलं तरी कसं, असं त्यांनी विचारलं.

तो म्हणाला की मी दिवसाला सत्तर लोकांना सांगतो, मशीन बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. त्यापुढं मलाही काही माहीत नाही. मशीनच्या पाठीवर चिठ्ठी असते, उघडल्यास हमी रद्द. लोक विचारतात, आत काय बिघडलंय, आणि मी समोरच्या पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवतो. एकदा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तू ते कधी उघडून पाहिलंयस का. त्या संध्याकाळी मी भंगारातून एक जुनी सायकल आणली आणि सुटी करून पुन्हा जोडली. तिथून हे सुरू झालं. ज्याचं काम डोळ्यांना दिसतं असं एक तरी यंत्र आपल्या हातून व्हावं, एवढंच होतं.

बाबांना पांढऱ्या डब्याची आठवण झाली असावी. त्यांनी ते त्याला सांगितलं नाही. त्यांनी इंजिन मागितलं, दट्ट्या बोटानं सरकवून बघितला, कानाशी धरला, पुन्हा सरकवला. तो इतका नेमका बसवला होता की त्यांना राहवेना. हे कुणी केलं, म्हणून विचारलं. तक्रारवाला म्हणाला, मीच, कानशीनं. बाबांनी त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तासाभरानं दोघं बाजारात नळ्या बघत हिंडत होते.

बाबांच्या अटी होत्या. बॉयलर लहान, जाड पत्र्याचा. पाण्याची पातळी दाखवायला काचेची नळी. वाफ वाढली तर आपोआप उघडणाऱ्या झडपा दोन, एक चुकली तर दुसरी. आणि काटा खरा. शेवटची अट ऐकून आई हातातलं काम सोडून बाहेर आली. बाबांना तो बॉयलर निरीक्षकांकडून तपासून हवा होता.

हे निरीक्षक म्हणजे बाबांच्या नोकरीतलं कायमचं दुखणं. दर वर्षी यायचे, हातोडीनं ठोकून बघायचे आणि काहीतरी उणं काढायचे. आता त्याच बाबांनी स्वतःहून त्यांना फोन केला. एवढ्याशा बॉयलरला आमच्या तपासणीची गरजच नाही, असं निरीक्षक म्हणाले. बाबा म्हणाले, साहेब, गरज मला आहे. निरीक्षक सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन आले. चष्मे कपाळावर चढवलेली तीस माणसं बघून त्यांनी काही विचारलं नाही. बहुधा सरकारी नोकरीत त्यांनी याहून विचित्र पाहिलं असावं. त्यांनी प्रत्येक सांधा ठोकला, कान लावला. मग बॉयलर गार पाण्यानं गच्च भरून हातपंपानं नेहमीच्या दुप्पट दाब दिला आणि अर्धा तास घड्याळ हातात धरून उभे राहिले. काटा जागचा हलला नाही, आणि या वेळी तो खरा होता.

शेवटी त्यांनी कागद काढला. बाबा पाठीमागं हात बांधून उभे. निरीक्षकांनी लिहिलं, बॉयलर निर्दोष. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली, पक्ष्याची चोच डोळ्यांच्या उंचीवर असल्यामुळं तिचं टोक घासून बोथट करावं. त्यांना काहीच उणं काढता आलं नसतं तर बाबांनाच चुकल्यासारखं वाटलं असतं. तो कागद त्यांनी घडी न घालता घरी आणला.

आता नवीच अडचण उभी राहिली. लहान बॉयलरच्या सुरक्षित वाफेवर पक्षी काही उडेना, म्हणजे त्याचे पंख उचलले जाईनात. पितळी पत्रा जड, आणि त्यावर दोनशे चाकं. बाबा म्हणाले की जे फिरत नाही ते काढा. मंडळात मोठा वाद झाला. डॉक्टरीणबाई चिडल्या. त्या म्हणाल्या, सगळंच कामाचं असायला हवं असेल तर आमच्या कोटाच्या बाहीवर तीन बटणं का असतात, ती तर कशालाच लागत नाहीत. बाबा आईकडं बघू लागले, कारण बटणं तिनं लावली होती.

आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. ती म्हणाली की बाहीवरची बटणं कशालाच लागत नाहीत हे खरं आहे, आणि ती मी दोनदा उसवून सरळ लावली हेही खरं आहे. शोभेला माझी हरकत नाही. पण शोभेनं हात उचलता येईना, तर मी ती बाही कापीन. मग तिनं पक्ष्याला एक फेरी मारली, पंखाचा पत्रा बोटानं वाजवून पाहिला आणि विचारलं की हा कापडाचा केला तर.

पुढचे तीन आठवडे आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं छत्रीचं कापड आणलं, पिसांसारख्या एकावर एक पट्ट्या कापल्या, वेताच्या काड्यांसाठी आत बारीक नळ्या शिवल्या. बाबा तिच्या शेजारी बसून तिला विचारायचे की हा टाका इथंच का, तिरपाच का. आई सांगायची. मग ती विचारायची की पाणी काचेच्या निम्म्याखाली गेलं तर काय, आणि बाबा सांगायचे. एकदा मी दुपारी गेले, तर आई डोळे मिटून बसली होती आणि बाबा तोंडानं बॉयलरचे निरनिराळे आवाज काढून दाखवत होते. हा पाणी कमी झाल्याचा. हा झडप उघडायच्या आधीचा. आईनं तीनपैकी दोन बरोबर ओळखले. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी बाबांच्या पोटाची चौकशी केली.

चाकांचाही निकाल लागला. जी खरोखर फिरत होती ती चौदा राहिली, आणि कप्तानांच्या आग्रहाखातर चोचीच्या वर दोन शोभेची. ती दोन बघताना बाबांचा चेहरा आंबट व्हायचा, पण त्यांनी ती चालवून घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला. बाबांना मंडळानं नवा वेश देऊ केला होता. ते खाकी पोशाखातच आले, फक्त आईनं त्याला इस्त्री केली होती. सकाळी त्यांनी भट्टी पेटवली. वाफ धरायला पंचवीस मिनिटं लागतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोक उभे राहिले. मला वाटलं पाच मिनिटांत पांगतील. पण बाबा काचेच्या नळीकडं बोट दाखवून बोलू लागले. हे पाणी, हा काटा, आता बघा, हलेल. माणसं वाकून वाकून बघू लागली. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई तर गुडघ्यांवर बसल्या. काटा पहिल्यांदा थरथरला तेव्हा हॉलमधून एक कुजबुज गेली. बाबांच्या काट्याची एकतीस वर्षांत कुणी अशी वाट पाहिली नव्हती.

पक्षी सात मिनिटं उडाला. कापडाचे पंख वर जाताना पट्ट्यांमधून उजेड यायचा आणि खाली येताना त्या मिटायच्या. त्या वाऱ्यानं पुढच्या रांगेतल्या टोप्या हलल्या. मग वाफ संपली. डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की पुढचा खेळ अर्ध्या तासानं, आणि बरेच लोक तिथंच फरशीवर बसून राहिले.

दुसऱ्या खेळाला बाबांनी कोळसे सारायची लोखंडी पट्टी आईच्या हातात दिली. तिनं साडीचा पदर खोचला, कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढला. मंडळात कुणी तो डोळ्यांवर ओढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तक्रारवाला तेलाची बुधली घेऊन इंजिनापाशी उभा राहिला. आईनं कोळसे सारखे केले, पाणी बघितलं, काटा बघितला, आणि डोळे मिटून एकदा ऐकलं. बाबा तिच्या मागं दोन पावलांवर होते. मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिकडं जा बघू. तुम्ही उभे राहिलात की माझं लक्ष तुमच्याकडं जातं."

बाबा गर्दीत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. तेव्हा मला उमगलं की ते आजवर कायम बॉयलरच्या बाजूलाच उभे राहिले होते. त्यांच्या वाफेवर भिंतीपलीकडं हजारो चादरी वाळल्या, पण त्यांनी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. चाचणीतसुद्धा ते पक्ष्याच्या मागंच होते. नळ उघडला. पंख उठले. बाबांचं तोंड किंचित उघडं राहिलं. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघत राहिले. ते काहीतरी म्हणाले. मी वाकून विचारलं, काय म्हणालात.

"डावा पंख जरा उशिरा उठतोय," बाबा म्हणाले.

हे त्यांनी आईलाही सांगितलं, खेळ संपल्या संपल्या, सगळ्यांदेखत. आई म्हणाली की शिवण दोन्हीकडं सारखी आहे, तुमच्या नळीतच काहीतरी अडतंय. बाबा म्हणाले, नळी मी स्वतः फुंकून पाहिलीये. मग आईनं डावा पंख उतरवून टेबलावर उलटा पसरला, बाबांनी डाव्या बाजूची नळी सोडवली, आणि दोघंही चष्मे लावून आपापली बाजू तपासू लागले. तक्रारवाला दोघांच्या मध्ये दिवा धरून उभा राहिला. मी घड्याळ बघितलं, गाडीची किल्ली पर्समध्ये परत टाकली आणि शेजारच्या कप्तानांकडं चहा कुठं मिळेल याची चौकशी केली.